तुम्ही गेलात, मी राहिले

आत्याबाई,

मागच्या आठवड्यात शाळेच्या वार्षिक अंकासाठी मी एक लेख लिहून दिला. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, तरी अंक निघायचा झाला की तिथल्या मोठ्या बाई माझ्याकडे येतात आणि मुलींसाठी काहीतरी द्या म्हणतात. या वेळी मी रशियातल्या त्या बायकांवर लिहिलं. तुम्हांला आठवतील. वकिलीणबाईंनी इंग्रजी पुस्तकातून उतरवून दिलेली वीस-बावीस पानं मी तुम्हांला दोन दुपारी वाचून दाखवली होती, आणि तुम्ही समोर शेंगा फोडत बसला होता. बादशहाविरुद्ध उठलेले तिथले सरदार, एका दिवसात फसलेला तो उठाव, मग सैबेरियात जन्माची हद्दपारी, आणि राजवाड्यासारखी घरं सोडून नवऱ्यांच्या मागं निघालेल्या त्यांच्या बायका. लेख चार पानांचा झाला, नीटनेटका झाला. बाईंना आवडला. त्यात तुमच्याबद्दल एक अक्षर नव्हतं, आणि शाळेच्या अंकात घरच्या गोष्टी असूही नयेत. पण लिहिताना सबंध वेळ तुम्ही डोळ्यांपुढं होता, म्हणून हे वेगळं लिहायला घेतलं आहे. तुम्हांला वाचता येत नव्हतं, आणि तुम्हांला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. तरी लिहिते.

सुरुवातीपासूनच सांगते. तुमच्या बाजूनं ते सगळं कसं दिसलं हे मी कधी विचारलं नाही, आणि माझ्या बाजूनं कसं होतं हे तुम्हीही विचारलं नाहीत. तुमचा मुलगा, म्हणजे हे, कोल्हापुरात पेठेतल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. तालमीमागच्या बोळात आमच्या दोन खोल्या होत्या आणि भिंतीला भिंत लावून बाइंडरचाचांचं घर. चाचा छापखान्याची पुस्तकं शिवत, त्यामुळं त्यांच्या घराला कायम खळीचा वास असायचा. आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. मला शिकवायची हौस ह्यांचीच. माझ्या माहेरी, आजऱ्याला, मुलीनं चौथी केली म्हणजे पुष्कळ झालं. ह्यांनी मला घरी बसवून पुढचं शिकवलं आणि मुलींच्या शाळांसाठी मास्तरणी तयार करायच्या वर्गात नेऊन माझं नाव घातलं. महाराजांचं राज्य होतं, मुलींनी शिकावं असं वरून सांगितलं जात होतं, तरी बोळातले लोक हसायचे ते हसलेच. हे म्हणाले, हसू देत. पुढं माझ्या हाताला जे काही लागलं ते ह्यांनी दिलेलं होतं, हे मी आजही नाकारत नाही. पण त्याच माणसानं सात महिने, छापखाना बंद झाल्यावर मागं थांबून, इंग्रज सरकारविरुद्धची पत्रकं जुळवली आणि मला त्यातलं अवाक्षर सांगितलं नाही. मला कळलं ते पोलीस दारात उभे राहिल्यावर.

ती सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. मी वर्गाला निघाले आहे, पदर सारखा करते आहे, आणि दोन शिपाई आत येऊन ट्रंक उलटी करतात. हे भिंतीला टेकून उभे आहेत, माझ्याकडं बघत नाहीत. शिपाई ह्यांना धरून नेतात आणि जाताना माझ्या पाठांच्या टाचणवह्यासुद्धा घेऊन जातात, कारण त्यांत हातानं लिहिलेलं आहे. ती पानं म्हणजे बेरीज-वजाबाकी कशी शिकवावी याचे धडे होते. महिन्याभरानं त्या वह्या परत आल्या. पलीकडून चाची येऊन माझ्याजवळ बसतात. दुपारी तुम्ही आलात, आपल्या गावाहून, गडमुडशिंगीहून चालत, पाय धुळीनं पांढरे, डोक्यावर पाटी. निरोप कुणी पोचवला हे मला अजून माहीत नाही. पाणीसुद्धा न पिता तुम्ही विचारलंत, त्यानं कुणाला मारलं का. मी नाही म्हटलं. चोरी केली का. नाही. कागद छापले, मी सांगितलं. "कागदाला धरत्यात व्हय?" एवढंच तुम्ही म्हणालात आणि पाटीतली भाकरी काढून माझ्यापुढं ठेवलीत. त्या दिवसापासून खटला संपेपर्यंत, शेत आणि म्हशी धाकट्या मुलावर टाकून, तुम्ही माझ्याकडेच राहिलात. मी वर्गाला जायचे, तुम्ही घर बघायचा. असं करू नको, घरात बस, असं तुम्ही एकदाही म्हटलं नाहीत.

शिक्षा चार वर्षांची झाली, सक्तमजुरीची. इथल्या तुरुंगात ठेवायचं नाही, दूर सिंधमध्ये पाठवायचं, असं ठरलं. नेण्याआधी आपल्या दोघींना एकदा भेटू दिलं. दाढी वाढलेली, अंगावर कैद्याचे कपडे, गळ्याशी कापड घासून कातडी लाल झालेली. तुम्ही गूळ आणला होता, तो शिपायानं आत नेऊ दिला नाही, म्हणून तुम्ही तो सबंध वेळ ओच्यात धरून उभ्या होता. हे तुमच्याशी चार शब्द बोलले, मग माझ्याकडं वळून म्हणाले, "वकील सांगत हुते, तिथं गावात बिऱ्हाड करून ऱ्हाता येतं. तीन महिन्यांनी एक भेट मिळती. येशील?" मी म्हणाले, "बघते." लग्नानंतर ह्यांनी माझ्याजवळ मागितलेली ती पहिली गोष्ट होती. ते 'बघते' ऐकून ह्यांचा चेहरा उजळला. ह्यांना ते हो वाटलं असावं. परतताना खासबागेच्या बाजूनं आपण चालत आलो, गूळ तुमच्या ओच्यात तसाच.

वकिलीणबाईंकडे मी आठवड्यातून दोन दुपारी इंग्रजी शिकायला जात असे. ह्यांचा खटला चालवला त्या वकिलांच्या त्या पत्नी. बाई चांगल्या होत्या. खटल्यानंतर पुष्कळ घरांची दारं मला बंद झाली, त्यांचं झालं नाही. त्यांच्याकडं इंग्रजीत एक पुस्तक होतं, त्यातला भाग त्यांनी बाळबोध अक्षरात मराठीत उतरवला होता. तो त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस म्हणून तुला देते आहे. अडाणी बाई नुसती रडत बसते. तू काय करायचं ते यातून समजून घे." पलीकडच्या खोलीत वकीलसाहेब पक्षकारांशी बोलत होते, त्यांचा आवाज येत होता. मी पानं घेतली. बाईंना वाईट वाटू नये एवढ्यासाठी, वाचेन म्हणाले.

आणि वाचली, तुम्हांला ऐकू येईल अशी. एक बाई घसरगाडीतून बर्फातून हजारो कोस जाते. वाटेत तिथला सुभेदार तिला महिनोन् महिने अडवतो. या कागदावर सही कर म्हणतो: मानमरातब गेला, दागदागिने गेले, तिथं मुलं झाली तर ती सरकारची कुळं म्हणून लावली जातील, आणि नवरा जिवंत असेतो माघारी फिरता येणार नाही. ती सही करते. दुसरी खाणीत उतरते आणि नवऱ्याला हाक मारण्याआधी वाकून त्याच्या पायांतल्या बेड्यांवर ओठ टेकते. कैद्यांना घरी पत्र लिहायची मनाई असते, म्हणून या बायकाच सगळ्यांच्या घरी पत्रं लिहितात. नवा तुरुंग बांधतात त्याला खिडक्याच नसतात. तेव्हा बायका आपल्या माहेरी, सासरी, दरबारातल्या ओळखीच्यांना इतकं लिहितात की शेवटी बादशहाला भिंती फोडून खिडक्या कराव्या लागतात. खिडक्यांचं ऐकून तुम्ही मान हलवलीत. तुम्हांला ते पटलं. बेड्यांचं ऐकून तुम्ही काही केलं नाहीत. मग मी ते वाचलं, की त्यांतल्या एकीनं वर्षाचं मूल नातलगांपाशी ठेवलं होतं आणि ती तिकडं असताना ते वारलं. तुमचे हात थांबले. तुम्ही विचारलंत, मूल कुणी सांभाळत होतं, त्या माणसाचं पुढं काय झालं. पुस्तकात ते नव्हतं. तुम्ही आणखी चार शेंगा फोडल्यात आणि म्हणालात, "अन् ज्या गेल्या न्हाईत त्यांचं काय लिवलंय?" मी पानं पुन्हा चाळली. बादशहानं त्यांना दुसरं लग्न करायची मोकळीक दिली, एवढं एका ओळीत होतं. तुम्ही "एका वळीत" असं म्हणालात आणि सुपातली टरफलं पाखडायला उठलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही चुलीपुढं होता आणि मी उंबऱ्यावर. मी पुष्कळ शब्द जुळवून ठेवले होते, त्यांतले थोडेच निघाले. मी म्हणाले, "आत्याबाई, मी जाणार नाही. वर्गाचं एक वर्ष राहिलंय, ते सुटलं तर परत मिळायचं नाही. आणि ह्यांनी हे सगळं करताना मला विचारलं नव्हतं." तुम्ही भाकरीवर पाणी फिरवलंत, ती उलटलीत, फुगू दिलीत. मग म्हणालात, "बरं. मग मी जातो." वर्गात आम्हांला बजावलं जाई की बाईनं 'जाते' म्हणावं, 'जातो' म्हणणं गावंढळ. आपल्या मुलखातल्या सगळ्या बायका 'जातो'च म्हणतात, लहानपणी मीही म्हणायचे. वर्गात जाऊन माझं सुटलं. तुमचं ते वाक्य मी आजवर मनातसुद्धा बदलून म्हटलेलं नाही. तुम्ही कधी पुण्याच्या पलीकडं गेला नव्हता. पुण्यालाही गेला नव्हता. मी तुम्हांला अडवायला हवं होतं. मी ताट मांडलं.

बोळात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. समोरची म्हातारी आणि तिच्या दोन सुना मुद्दाम आल्या. सासू निघाली परमुलखात आणि सून पाटी-पुस्तक घेऊन निघाली शाळेत, असं म्हातारी मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. मी आतल्या खोलीत होते. तुम्ही गोधडीला टाके घालत होता, मान वर न करता म्हणालात, "तिला म्याच आडवली. ती निघालीच हुती. म्या म्हनालो, एवढं शिकून मधीच सोडायचं न्हाय. माझा ल्योक हाय, मी जातो." म्हातारी सुनांना घेऊन उठली. मग दोन-तीन दिवसांत तुम्ही तेच पाणवठ्यावर सांगितलंत, तेच चाचीला सांगितलंत, तेच वकिलीणबाईंना जाऊन सांगितलंत. त्या मला म्हणाल्या, तुझी सासू फार हट्टी दिसते, तू काय करणार. मला वाटलं, लोकांची तोंडं बंद करायला म्हणून तुम्ही बोललात, आणि मला बरं वाटलं. याच्या पुढचा विचार मी केला नाही.

स्टेशनवर चाचा आले होते. त्यांनी एका जाड पुठ्ठ्यावर उर्दूत लिहून आणलं होतं, की ही बाई कोल्हापूरची आहे, हिचा मुलगा अमुक गावच्या तुरुंगात आहे, हिला तिथं पोचवावं. मुंबईत वकिलांच्या ओळखीचे कुणी उतरवून घेणार होते आणि कराचीच्या बोटीत बसवून देणार होते. तुम्ही डब्यात बसला आहात, मांडीवर गाठोडं, पुठ्ठा पोलक्यात खोचलेला, आणि तुम्ही मला धान्याच्या कणगीला कीड लागू देऊ नको, एवढंच दोनदा सांगता आहात. गाडी हलली तेव्हा मी पाया पडायचं विसरले होते. धावत जाऊन खिडकीतून तुमच्या हाताला हात लावला. मग सरळ वर्गाला गेले. त्या दिवशी भूगोलाचा पाठ होता.

पहिलं पत्र दोन महिन्यांनी आलं आणि ते उर्दूत होतं. तिथल्या कचेरीपाशी बसणारा एक मुन्शी तुम्ही गाठला होता. तुम्ही मुडशिंगीचं बोलायचा, त्याला जेवढं कळे तेवढं तो आपल्या हिंदुस्तानीत लिहायचा, आणि इथं चाचा ते वाचून मला मराठीत सांगायचे. एवढ्या लोकांच्या तोंडून आलं तरी त्यात तुम्ही ओळखू यायचा. एका गोठेवाल्याकडं तुम्हांला काम आणि गोठ्यालगतची खोली मिळाली होती. आपल्या म्हशींची शिंगं पाठीपर्यंत लांब, तिकडच्यांची गोल वळलेली, पण दूध दाट आणि स्वभाव एकच, असं तुम्ही कळवलं होतं. गोठेवाल्याच्या बायकोला माझं बोलणं कळत नाही, म्हशींना कळतं, असं एकदा होतं. ते वाचताना चाचा हसले. उन्हाळ्यात धूळ इतकी उडते की भाकरीत कचकच लागते. भेट झाली. बरा आहे. त्याला काम दोरखंड वळायचं आहे. पत्रं अशी चार-पाच ओळींची असत.

मग ते पत्र आलं. चाचांनी ओट्यावर बसून ते वाचायला घेतलं, तुमच्या चार ओळी झाल्या, म्हशी, ऊन, माझ्या परीक्षेची चौकशी, आणि ते थांबले. चष्मा पुसून त्यांनी खालचं आधी स्वतःशी वाचलं. म्हणाले, "बेटी, हे खालचं मुन्शीनं आपल्या मनानं लिवलंय." मुन्शीनं लिहिलं होतं, की तुझ्या सासूनं पहिल्या भेटीतच मुलाला सांगितलं, सुनेला मीच येऊ दिलं नाही. त्या दिवशी मुलगा उठून आत गेला. या वेळच्या भेटीला तो बाहेरच आला नाही. ती सकाळपासून फाटक बंद होईपर्यंत तिथं बसून होती. तिनं मला हे लिहू नका म्हणून सांगितलं आहे, पण मलाही मुली आहेत, म्हणून लिहितो.

म्हणजे तुम्ही ते नुसतं बोळासाठी रचलं नव्हतं. तुम्ही ते हजार कोस बरोबर नेलं होतंत आणि जिथं ते सगळ्यांत महाग पडणार तिथं जाऊन सांगितलं होतंत. तीन महिन्यांनी मिळणारी वीस मिनिटं, आणि तीही गेली. चाचांनी मला विचारलं, खरं काय आहे. मी सांगितलं, मीच नाही म्हणाले. चाचांनी पत्राची घडी घातली. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मग त्याला लिव की, बेटी."

मी लिहायला बसले होते, आत्याबाई. कैद्याचं पत्र तुरुंगातला अंमलदार आधी फोडून वाचतो, हे मला माहीत होतं, आणि मी नवऱ्याला नाही म्हणाले हे त्या परक्या माणसानं आधी वाचावं हे मला नको वाटलं. तेव्हा मी हेच कारण स्वतःला दिलं. आज वाटतं की अंमलदार नसता तरी मला दुसरं काहीतरी सापडलं असतं. मी परीक्षेचं लिहिलं, पहिल्या वर्गात उतरल्याचं लिहिलं, आणि शेवटी एक वाक्य घातलं, आत्याबाईंवर राग धरू नका. माझ्या समजुतीनं मी अर्धं तरी खरं सांगितलं होतं. ह्यांनी त्याचा काय अर्थ घेतला ते मला पुढं कळलं. पुढच्या भेटीला हे बाहेर आले, असं मुन्शीनं कळवलं, बोलले थोडंच.

साडेतीन वर्षांनी तुम्ही दोघं परत आलात. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. हे अंगानं अर्धे झाले होते, हाताचे तळवे चामड्यासारखे. तुम्ही काळवंडला होता आणि म्हशीला हाकायचे चार सिंधी शब्द तुमच्या तोंडात बसले होते, ते पुढं मुडशिंगीतही गेले नाहीत. ह्यांनी तुमच्या हातातलं गाठोडं घेतलं, तुम्हांला हात देऊन डब्यातून उतरवलं, आणि सगळं नीट केलं. पण तुमच्याकडं बघून केलं नाही. ते माझ्या लक्षात आलं, कारण मी तेच बघायला आले होते. छापखान्यात ह्यांना परत कुणी घेतलं नाही. हे मुडशिंगीत भावाबरोबर शेती बघू लागले, मी आठवडाभर शहरात आणि शनिवारी दुपारी चालत गावाकडं. पुढं मुलगी झाली. ह्यांचा माझ्यावर जीव होता. उलट परत आल्यावर तो वाढला होता, जणू मी काही सोसून बसले होते आणि त्याची भरपाई करायची होती. तुमच्याशी हे कामापुरतं बोलत. बैलाला पेंड घातली का, पाणी तापलं का.

एकदा खळ्यावर मी हरभरा निवडत होते आणि हे बाजूला बसले होते. आपण होऊन म्हणाले, "आईनं आडवलं नसतं तर तू आली असतीस. मला ठाव हाय. अन् तरी तू तिचीच बाजू घेऊन लिवलंस." तुम्ही चार हातांवर वासराचं दावं बांधत होता. तुम्हांला ऐकू गेलं. तेवढ्या अंतरावर कुजबुजसुद्धा ऐकू जाते. तुम्ही बांधलेलं दावं सोडलंत आणि पुन्हा बांधलंत. माझ्या हातात हरभऱ्यातला खडा होता. मी तो टाकला आणि पुढचा शोधू लागले.

मानमोडीच्या तापाच्या साथीत गावात घरटी माणूस पडलं. शाळा बंद झाल्या म्हणून मी मुडशिंगीत होते. तुम्ही पडलात तेव्हा हे दुसऱ्या गावाहून वैद्याला आणायला गेले होते, आणि घरात आपण दोघीच. तुमच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवताना मी म्हणाले, हे आले की आज मी सगळं सांगते. तुमचे डोळे मिटलेले होते, मला वाटलं ऐकलं नाही. मग तुम्ही म्हणालात, "आता सांगून काय करतीस? त्याला तुझ्यासंगं ऱ्हायाचंय, माझ्यासंगं न्हाय." आणि पाणी मागितलंत. हे वैद्याला घेऊन आले, मी बाजूला झाले. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. ह्यांनी सगळं विधिवत केलं, दरवर्षी करत राहिले, आणि डोळ्यांतून पाणी काढलेलं मी पाहिलं नाही.

तुम्ही हे का केलंत यावर मी पुष्कळ विचार केला आहे. तुम्ही देवमाणूस होता असं मला म्हणायचं नाही. तुमची जीभ तिखट होती, आणि धाकट्या जाऊबाईंना तुम्ही फार सुखानं नांदवलं नाहीत. कधी वाटतं, तुम्हांलाच जायचं होतं आणि माझा नकार तुम्हांला सोयीचा पडला. कधी वाटतं, मुलगा आईवर कितीही चिडला तरी तिच्या हातची भाकरी खातो, बायकोचं तसं नसतं, हा हिशेब तुम्ही त्या चुलीपुढं एका भाकरीत केलात. खरं काय ते तुम्हांला ठाऊक. या खेपेला लेखासाठी मी आणखी एक पुस्तक मागवून वाचलं. त्यात शेवटी-शेवटी आहे, की बायकांच्या मागून काही वर्षांनी एका कैद्याची म्हातारी आई आणि बहीणही तिकडं जाऊन राहिल्या. त्या म्हातारीबद्दल आणखी काही दिलेलं नाही. मी ते लेखात घातलं. शाळेतल्या मोठ्या बाई म्हणाल्या, हे एवढं काढलं तरी चालेल, मी म्हणाले, राहू दे.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही. चाचा असते तर त्यांना वाचून दाखवले असते, कारण त्यांना माहीत होतं आणि त्यांनी जन्मभर ते कुणापाशी काढलं नाही. मुलीला सांगण्यात अर्थ नाही. तिच्या मनात तिची आजी एक कडक म्हातारी आहे, आणि आई बिचारी. चुलीत घालावेत एवढं धैर्य आत्ता नाही, तेव्हा कपाटात राहतील.

एक सांगायचं राहिलं. दोन वर्षांपूर्वी थंडीत हे आजारी होते, शेवटचंच ते. पुढच्या खोलीत खाटेवर ऊन यायचं, तिथं आम्ही दोघंच असायचो, दिवसचे दिवस. बोलायला वेळ भरपूर होता, ऐकायला दुसरं कुणी नव्हतं, आणि ह्यांची समज शेवटपर्यंत शाबूत होती. एका सकाळी मी पेज भरवत होते तेव्हा म्हणाले, "आईनं तुला येऊ दिलं न्हाय, तो राग म्या लई वर्सं धरला. आता सोडला. माफ केलं तिला." मी चमचा वाटीत ठेवला, ह्यांचं तोंड पुसलं आणि म्हणाले, "बरं केलंत."